माणूस कोणी ठेवायचा?

पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या दादरमधल्या कुठल्याही ब्युरोला फोन लावा, प्रश्न ठरलेले असतात. पेशंट बाई की पुरुष? वजन किती? उठून बसतो का? डायपर आहे की कॅथेटर? बारा तासांचा माणूस हवा की चोवीस तासांचा? आणि पैसे कोण देणार? हा शेवटचा प्रश्न खरा, कारण त्याचं जे उत्तर तोच पुढे मालक. ज्याला उचलायचं, आंघोळ घालायची, शर्टाची बटणं लावून द्यायची, त्याला जरा फोनवर द्या, असं ब्युरोवाला म्हणत नाही. त्याला तरी काय बोल लावायचा? फोन करणारा भाऊ किंवा सूनही ते म्हणत नाही.

नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या बाबतीत हे खपून जातं. पण मणक्याला मार बसल्यामुळे खुर्चीवर आलेल्या, दिवसभर लॅपटॉपवर नोकरी करणाऱ्या पस्तिशीतल्या माणसालाही याच दारातून जावं लागतं. त्याला जे हवं असतं त्याचा रकाना ब्युरोच्या वहीत नसतो. त्याला विचारलं तर तो बहुधा ‘प्रेमळ’ म्हणत नाही, ‘अनुभवी’ही म्हणत नाही. तो म्हणतो, सांगितलेलं ऐकणारा हवा. एवढ्या साध्या मागणीपर्यंत पोचायला जगाला बराच काळ लागला. आपण अजून वाटेतच आहोत.

स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईत अपंगांचं काम नव्यानं उभं राहत होतं, तेव्हाचं ध्येय अगदी वेगळं होतं. फातिमा इस्माईल यांनी आपल्या मुलीच्या पोलिओच्या निमित्तानं १९४७ मध्ये मुलांसाठी काम सुरू केलं. हाजी अलीला १९५५ मध्ये शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. कॅलिपर, कुबड्या, व्यायाम, शस्त्रक्रिया या सगळ्याचा रोख एकच होता: मुलानं स्वतःच्या पायावर उभं राहायचं. शब्दशः. शर्टाचं बटण लावायला पाऊण तास लागला तरी चालेल, पण ते त्यानंच लावायचं. यातून हजारो मुलं चालायला लागली, हे कोणी विसरू नये. पण जे चालू शकणारच नव्हते त्यांच्या वाट्याला या ध्येयातून एक सूक्ष्म अपमान आला. माणूस लागतो, म्हणजे आपण नापास.

गिरणगावात हा प्रश्न निराळ्या तऱ्हेनं सुटलेला दिसे. लालबाग-परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला खांद्यावर घेऊन शाळेत सोडणारा शेजारचा दादा असे, मजल्याच्या टोकाच्या संडासापर्यंत धरून नेणारी काकू असे. या माणुसकीवर आपण इतकं लिहून ठेवलं आहे की तिची दुसरी बाजू बोलायला संकोच वाटतो. फुकट उचलून नेणाऱ्याला ‘हळू’ म्हणता येत नाही. ‘आत्ता नको, अर्ध्या तासानं’ हे तर नाहीच नाही. काकू माहेरी गेली की पोरानं सकाळपासून पाणी प्यायचं नाही, हा हिशेब त्या घरांना पाठ असे. पगाराला आपण कोरडा व्यवहार म्हणतो, पण मदतीबद्दल तक्रार करण्याचा अधिकार माणसाला पहिल्यांदा मिळतो तो पगार दिल्यावरच.

हा अधिकार कोणीतरी उघडपणे मागितला तो कॅलिफोर्नियात. एड रॉबर्ट्स हा पोलिओनं मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळा पडलेला तरुण १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. रात्री त्याला श्वासासाठी लोखंडी फुफ्फुस लागे, ते मावेल अशी खोली वसतिगृहात नव्हती, म्हणून त्याची सोय विद्यापीठाच्या इस्पितळात केली गेली. पाठोपाठ त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. सरकारी मदतीच्या पैशातून ते आपले मदतनीस आपणच ठेवत आणि पटलं नाही तर आपणच काढत. इस्पितळात राहून त्यांनी इस्पितळाची रीतच उलटी केली. १९७२ मध्ये बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झालं त्यामागे हा अनुभव होता. ज्या राज्य पुनर्वसन खात्यानं रॉबर्ट्सला कामाला लावता येण्यापलीकडचा ठरवलं होतं, त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये संचालक झाला. विचार म्हणून यातलं नवीन हे: स्वावलंबन म्हणजे बटण स्वतः लावणं नव्हे. कोणता शर्ट घालायचा, कधी आणि कोणाच्या हातून, हे स्वतः ठरवणं.

तिथून हा विचार युरोपात गेला. पोलिओ झालेला अॅडॉल्फ रात्झका कॅलिफोर्नियात शिकताना स्वतः मदतनीस ठेवून राहिला होता. त्यानं स्वीडनमध्ये १९८४ साली अशा लोकांची सहकारी संस्था काढली आणि १९९४ पासून तिथे वैयक्तिक मदतनिसाचा कायदेशीर हक्कच आला. ब्रिटनमध्ये तर १९९६ च्या कायद्यापर्यंत पालिकांना अपंग माणसाच्या हातात रोख रक्कम देताच येत नव्हती. सेवा द्या, पैसे नकोत, असा नियम. पैसे हातात आले तेव्हा लोकांनी कोणाला कामावर ठेवलं? प्रशिक्षित परिचारकांना टाळून अनेकांनी पूर्वी हे काम न केलेली माणसं निवडली, विद्यार्थी, दुकानात काम केलेली मुलं. कारण सरळ आहे. इस्पितळात शिकलेल्या माणसाला ‘पेशंट कसा उचलायचा’ हे माहीत असतं, आणि म्हणून मला कसं उचलायचं हे तो मला विचारत नाही.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारं काम १९८४ मध्ये कोल्हापुरात उभं राहिलं. सोळा-सतराव्या वर्षी कमरेखाली लुळेपण आलेल्या नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ काढली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठी वाचकाला ठाऊक आहे. तिथे निर्णय अपंगांच्या हातात आले, ही मोठीच उडी. पण ती संस्थेच्या आवारातली उडी होती. आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत राहून पगारी माणूस ठेवायचा आणि त्यानं आपल्यासाठी काय करायचं ते आपण ठरवायचं, हा प्रश्न तिच्या बाहेरच राहिला.

मग आपल्याकडे माणूस निवडायची सवय कुणाला लागली? माझं उत्तर जरा अनपेक्षित वाटेल: अंध विद्यार्थ्यांना. १९०० मध्ये अॅना मिलार्ड यांनी सुरू केलेली, आज कमला मेहता यांच्या नावानं ओळखली जाणारी दादरची अंधशाळा, अंधांसाठी काम करणारी वरळीची नॅब, माटुंग्याचं रुईया आणि धोबीतलावचं झेवियर्स ही कॉलेजं असा हा सगळा पट्टा. इथली मुलंमुली दर सहामाहीला एका माणसाच्या शोधात असतात. लेखनिक. वर्षाच्या मेहनतीचे तीन तास ज्याच्या हातात द्यायचे तो कसा हवा, याबद्दल त्यांच्याइतकं बारकाईनं कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही. अक्षर वाचता येण्याजोगं हवं, हे झालंच. प्रश्न कंटाळा न करता पुन्हा वाचणारा हवा. ‘हे नको लिहू, ते बरोबर आहे’ असं मध्ये न सुचवणारा हवा, कारण त्याचं बरोबर अनेकदा चूक निघतं आणि चूक निघालं नाही तरी पेपर माझा राहत नाही. एखादा शब्द लिहिता आला नाही तर गाळून पुढे जाणारा मुळीच नको, तिथल्या तिथे विचारणारा हवा. आणि उसासे टाकणारा तर नकोच. ज्याला दिसत नाही त्याला उसासा लगेच ऐकू येतो. थोडक्यात, हुशार पण स्वतःची हुशारी तीन तास खिशात ठेवणारा.

सरकारशी या निवडीवरून जी ओढाताण झाली ती वाचण्यासारखी आहे. २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्वतःचा लेखनिक आणण्याची मुभा दिली, त्याच्या शिक्षणाची आणि वयाची अटही ठेवली नाही. २०१८ मध्ये अट परत आली: स्वतः आणलेला लेखनिक उमेदवारापेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा. म्हणजे गणिताचा पेपर अशा माणसाच्या हातात द्या, ज्याला चिन्हं ओळखता येतीलच असं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयातल्या विकास कुमार खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं लेखनिकाची सोय ठरावीक टक्केवारीच्या अपंगत्वापलीकडेही नेली. मदत मिळायला हवी हे आता कोणी नाकारत नाही. मात्र मदत करणारा कोणी निवडायचा, इथे आलं की व्यवस्थेला कॉपीचा वास येतो. कॉपी होत नाही असं नाही. पण त्या संशयाचा भुर्दंड प्रामाणिक विद्यार्थ्यानंच का भरायचा?

गंमत पाहा. लांबच्या गाडीच्या सवलतीत रेल्वे अपंग प्रवाशाच्या सोबत्याला धरते. परीक्षा मंडळ लेखनिकाला धरतं. सकाळी सातला बिछान्यातून उठवून खुर्चीत बसवणाऱ्या माणसाला मात्र कोणीच धरत नाही, आणि तो आला नाही तर पुढची गाडीही नाही आणि परीक्षाही नाही. कागदावर सगळं आहे. भारतानं २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात, कलम १९ मध्ये, वैयक्तिक मदतनिसाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. तिच्या डोक्यावर ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही शब्दांची छत्री आहे, ती सरकारला छान उपयोगी पडते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतली दिव्यांगांची मासिक रक्कम २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजारांवर गेली. मुंबईत ब्युरोच्या माणसाचा त्यात आठवडा निघत नाही. म्हणून माणूस ठेवतो तो घरातला कमावता, आणि मालकीही त्याच्याकडेच राहते.

संध्याकाळी पाचनंतर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर या मालकीचं दृश्य दिसतं. सव्वा किलोमीटरच्या त्या फेरीत चालणारे घाम गाळत असतात, आणि मधूनमधून चाकांच्या खुर्च्या लावलेल्या असतात. त्या कशा लावल्या आहेत ते बघावं. सांभाळायला ठेवलेल्या दोन मावश्या कट्ट्यावर शेजारी बसून बोलताहेत, खुर्च्या मात्र झाडाकडे तोंड करून. मैदानात नेट लागलेली आहे, पण खुर्चीतल्या बाबांना क्रिकेट दिसत नाही, बुंधा दिसतो. कोणी विचारलेलं नसतं आणि कोणी सांगितलेलं नसतं. ओळखीच्या पहिल्याच मिनिटात कोणीतरी त्या मावशीला विचारतं, ‘यांना काय झालंय?’ आणि मावशी सगळं सांगते. घरचं, डॉक्टरचं, पोट साफ होत नाही इथपर्यंत.

तिथून चार पावलांवर समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंधशाळेच्या मुलींना मल्लखांब शिकवला, ते आठवावं. बघून शिकण्याचा खेळ स्पर्शानं शिकवायचा, तर कोणाचा हात कुठे, कधी लागणार हे आधी सांगितल्याशिवाय भागतच नाही. स्पर्शाची ही शिस्त अवघड नाही. पण ती नसली की काय होतं हे चाकाची खुर्ची वापरणाऱ्या विराली मोदी यांनी २०१७ मध्ये देशाला ऐकवलं. रेल्वेच्या डब्यात उचलून चढवताना हमालांनी केलेल्या गैरस्पर्शाबद्दल त्यांनी ऑनलाइन याचिका मांडली होती. २०२३ मध्ये त्यांनाच स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी खारमध्ये दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं, कारण लिफ्ट नव्हती. शिवाजी पार्कातल्या जुन्या तीन मजली इमारतींतही लिफ्ट नाहीत, आणि त्यामुळे ‘ताकदवान हवा’ ही अट इथे पहिली येते. जिना नसता तर ती पाचवी-सहावी आली असती. माणूस कसा हवा हे अनेकदा वास्तू ठरवते.

रानडे रोडच्या बाजूला राहणाऱ्या, खुर्चीवर असलेल्या माझ्या परिचयाच्या एक बाई घरून हिशेबांची कामं करतात आणि आपली माणसं आपणच निवडतात. त्यांची मुलाखत ऐकण्यासारखी असते. आलेल्या बाईला त्या आधी एवढंच सांगतात, ‘मला टेबलापासून खिडकीशी न्या.’ मग बघतात. ब्रेक सोडण्याआधी ‘निघू का, ताई?’ असं म्हणते का? पाय पायपट्टीवर नीट आहेत का ते पाहते का? उंबऱ्याशी खुर्ची मागे झुकवण्याआधी सांगते का? पोचल्यावर ब्रेक लावते का? दुसरी गोष्ट, घरातल्या आई समोर बसलेल्या असतात. पगाराचं बाई आईला विचारते की ताईंना? तिसरी फोनची. बँकेचा ओटीपी आला की फोन तिलाच धरायला लागतो. आकडा वाचून दाखवून विसरणारी हवी. स्वयंपाक, मालिश, अनुभव हे सगळं नंतर. ‘मी पेशंटला आईसारखं सांभाळते’ म्हणणारीला त्या सहसा घेत नाहीत. म्हणतात, आई एक आहे, तिच्याशीच माझं दुपारचं भांडण पुरतं.

इथे एक खटकणारी गोष्ट बोलायला हवी. बर्कलीपासून चालत आलेल्या या विचारात मदतनीस म्हणजे ‘माझे हातपाय’ असं म्हणायची पद्धत आहे. हातपायांना कंबरदुखी नसते, विरारची ७:१२ची लोकल नसते, मुलीच्या क्लासची फी नसते. आपल्या शहरात तर मदत घेणारा आणि देणारी यांच्यात जात, वर्ग, भाषा यांचं अंतर इतकं असतं की ‘सांगितलेलं ऐकणारी हवी’ हे वाक्य सहज जुन्या मालकशाहीत घसरतं. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रानं २००८ मध्ये कायदा केला, मंडळ नेमलं. तरी सुट्टी, आजारपण, बारा तासांनंतरचा तेरावा तास हे सगळं अजून ज्याच्या त्याच्या मनावर आहे. घरच्यांनी ठेवलेल्या मावशीला घरातली भांडीही लागतात, हे सर्वांना माहीत आहे. अपंग माणूस स्वतः मालक असला की निदान कामाची यादी एका तोंडून येते. तो चांगला मालक असेलच असं नाही. पण वाईट मालक असण्याची संधीही त्याला आजवर मिळालेली नाही.

रानडे रोडच्या त्या बाईंच्या मुलाखतीत शेवटचा प्रश्न गणपतीचा असतो. मावश्या बहुतेक कोकणातल्या, आणि गणपतीत दादर रिकामं व्हायला लागलं की ब्युरोकडेही बदली मिळत नाही. त्या दिवसांत आसपासच्या दोघीतिघी मिळून एकच माणूस वाटून घेतात. कोणाला सहाला उठवायचं, कोणी साडेआठपर्यंत थांबायचं, हे जुलैतच ठरतं. ‘गणपतीला जाणार का?’ असं विचारल्यावर नोकरीच्या गरजेपोटी बहुतेकजणी म्हणतात, ‘नाही ताई, इथंच असते मी.’ जी म्हणते, ‘सात दिवस जाणार, आधीच सांगते, पगार कापा हवं तर,’ तिला त्या दुसऱ्या दिवसापासून यायला सांगतात. पगार कापत नाहीत.