आधी बसून हिशेब
(लूक १४:२८-३०)

१९८२ च्या नाताळच्या बाजारात आणायचा म्हणून अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ई. टी.’ हा व्हिडिओ गेम हॉवर्ड वॉर्शॉ यांच्याकडून अवघ्या पाच आठवड्यांत करवून घेतला. एरवी अशा कामाला कित्येक महिने लागत. खेळणारे वैतागले. न खपलेला माल १९८३ साली न्यू मेक्सिकोत कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला; २०१४ साली त्यातला काही उकरून निघाला.

खेळ वाईट, असे आमचे म्हणणे नाही. वॉर्शॉंनाही आम्ही दोष देत नाही. तारीख दुसऱ्यांनी ठरवली होती. प्रभूच्या दाखल्यातील बुरूज बांधणारा आधी बसतो, मग खर्च मोजतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, नाताळची नाटिका आपण मुलांच्या हाती डिसेंबरात देतो. वाक्य विसरले की व्यासपीठावर रडते ते लेकरू. यंदा ऑगस्टातच बसू या.