मध्यंतरात वडिलांची चौकशी

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात 38 सामने खेळतो, त्यातले 19 घरच्या मैदानावर. हंगामाचं तिकीट काढणाऱ्याची खुर्ची ठरलेली असते आणि शेजारीही. पंधरा-वीस वर्षं अशी शेजारी काढलेली माणसं एकमेकांचं आडनाव न जाणताही पुष्कळ काही जाणून असतात. कुणाचा गुडघा गेला, कुणाची पोर शिकायला बाहेरगावी गेली, आणि कुणाचे वडील आताशा जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहतात. घरातल्यांना म्हातारपण दिसत नाही, कारण ते रोज समोर असतं. पंधरा दिवसांनी भेटणाऱ्याला फरक लगेच कळतो. ‘अण्णांनी मघापासून तीनदा तेच विचारलं’ हे मुलाला पहिल्यांदा सांगणारा माणूस मागच्या रांगेतला प्रेक्षकही असू शकतो.

फुटबॉलवेडी माणसं एकत्र जमली की चेंडू सोडून पेन्शन, गळकं छत, आईची औषधं असं काहीबाही बोलत बसतात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. मला वाटत नाही. क्लब मुळात येतो कुठून? लिव्हरपूल शहरात एव्हर्टन की लिव्हरपूल हा प्रश्न मूल स्वतः क्वचितच सोडवतं. बाप किंवा आजोबा ज्या मैदानावर नेतो, मूल त्या क्लबचं. म्हणजे ज्या माणसामुळे आपण इथे बसलो आहोत, तोच आता थकला आहे. त्याच्याविषयी बोलणं हे विषयांतर कसं होईल?

एव्हर्टनचं गुडिसन पार्क हे याचं चांगलं उदाहरण. 1892 पासून क्लब तिथे खेळला. गोदीजवळच्या नव्या मैदानात जाण्याआधी 18 मे 2025 रोजी पुरुष संघाचा तिथला अखेरचा सामना झाला. साउदॅम्प्टनला 2-0 हरवून. या मैदानाच्या कडेने शेकडो चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. पुढे जागा पुरेना म्हणून क्लबला ही प्रथा थांबवावी लागली. अस्थी मैदानात, नातू गॅलरीत. अशा ठिकाणी पिढ्यांचा विषय निघायला निमित्त लागत नाही. 1966च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टन शेफील्ड वेन्सडेविरुद्ध दोन गोलांनी मागे पडला आणि 3-2 असा जिंकला. त्या वेळी चौदा वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे, आणि त्याला मैदानावर आणणारा त्याचा मुलगा स्वतः पन्नाशीला टेकला आहे. मैदान बदललं की खुर्च्या बदलतात, आणि खुर्च्यांबरोबर हे जुने शेजार विस्कटण्याची भीती असते. क्लबच्या जमाखर्चात या नुकसानीचा रकाना नसतो.

या गप्पांत सल्ले कसले असतात? अगदी रोखठोक. निवृत्तीचं वय उलटलेल्या आणि दुसऱ्याची मदत लागणाऱ्या माणसाला इंग्लंडमध्ये ‘अटेंडन्स अलाउन्स’ मिळतो. तो बचत पाहून ठरत नाही. तरीही ‘आमच्याकडे थोडे पैसे आहेत, आम्हाला कोण देणार’ म्हणून कितीतरी लोक अर्जच करत नाहीत. शेजारचा म्हणतो, अरे कर, आमच्या म्हातारीला मिळतोय. दुसरा सल्ला मुखत्यारपत्राचा. तिथे ‘लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी’ आईवडिलांची समज शाबूत असतानाच करून नोंदवावी लागते. डोकं चालेनासं झाल्यावर ती करता येत नाही, मग कोर्टाची वाट धरावी लागते. तिसरा विषय पैशाचा आणि सगळ्यात कडू. इंग्लंडमध्ये गाठीला 23,250 पौंडांहून जास्त असेल, तर वृद्धाश्रमाचा खर्च ज्याचा त्याने करायचा. आणि माणूस कायमचा तिथे गेला, मागे घरात जोडीदार नसला, तर राहतं घरही त्या हिशेबात धरलं जाऊ शकतं. ही माहिती सरकारी पत्रकांत असतेच. पण पत्रक वाचून माणूस हलत नाही. तोच फॉर्म भरून दमलेल्या दुसऱ्या माणसाने सांगितलं की हलतो.

शिवाय इथे सल्ला पारखून घेण्याची सवय आधीच लागलेली असते. ज्याने गेली दहा वर्षं डाव्या बगलेवर चुकीच्या खेळाडूचा आग्रह धरला, त्याचं औषधांविषयीचं मत कुणी डोळे मिटून मानत नाही. वैद्यबुवा होऊ पाहणाऱ्याला चार जण तिथल्या तिथे गप्प करतात. आणखी एक सोय अशी, की दोघेही समोर मैदानाकडे बघत असतात. नजरेला नजर न देता ‘बाबा रात्री उठून बाहेर पडतात’ हे म्हणता येतं. गळा दाटलाच तर मध्यंतर पंधराच मिनिटांचं. संघ पुन्हा मैदानात आले की सुटका.

पुरुष दवाखान्यात जात नाहीत पण मैदानावर जातात, हे ग्लासगोच्या संशोधकांनी ओळखलं. स्कॉटलंडच्या क्लबांत त्यांनी 35 ते 65 वयाच्या जाड पुरुषांसाठी बारा आठवड्यांचा वर्ग चालवला. क्लबचेच प्रशिक्षक, क्लबचंच मैदान. वर्षानंतर या पुरुषांचं वजन, वर्गात न बसलेल्यांच्या तुलनेत, सरासरी पाच किलोंच्या आसपास जास्त घटलेलं दिसलं. 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. आहाराचे नियम तेच होते, जे दवाखान्यातल्या भिंतीवर टांगलेले असतात.

स्मृतिभ्रंशाविषयी तोंड उघडायला मात्र खेळाडूंनी मदत केली, आणि फार मोठी किंमत मोजून. 1966चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या अंतिम संघातल्या रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅक व बॉबी चार्ल्टन या पाच जणांना हा आजार झाला. 2019 मध्ये डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीनपट निघालं. पुढच्या अभ्यासात बचावपटूंना धोका सर्वाधिक आणि गोलरक्षकांना सामान्य माणसाएवढाच दिसला, तेव्हा हेडिंगकडे, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्याकडे, बोट दाखवणं टाळता येईना. चाहत्यांच्या बाजूने पाहिलं तर वेगळंच घडलं. बॉबी चार्ल्टनला जे झालं ते आपल्या बापाला झालं, तर त्यात लपवायचं काय, असं म्हणण्याची सोय झाली. अल्झायमर स्कॉटलंड आणि हॅम्डेन पार्कमधल्या फुटबॉल संग्रहालयाच्या पुढाकाराने जुनी छायाचित्रं समोर ठेवून अशा वृद्धांना बोलतं करणारे गट चालतात. सकाळी काय खाल्लं हे न आठवणारा माणूस तरुणपणी पाहिलेल्या गोलचा पास कुणी दिला, हे सांगू शकतो.

आपल्याकडे हे सारं ताडून पाहायला कोल्हापूरइतकं योग्य गाव नाही. तिथे संघ तालमींचे आणि तालमी पेठांच्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी मंडळ ही नावं माणूस जन्माबरोबर घेऊन येतो, लिव्हरपूलसारखीच. शाहू स्टेडियमवर सामना रंगात असताना ‘भावा, म्हातारं काय म्हणतंय?’ हा प्रश्न कानावर पडला तर दचकायचं कारण नाही. उत्तरात हयातीचा दाखला येतो, सीपीआर या सरकारी दवाखान्यात कुठल्या वाराला कुठला डॉक्टर बसतो ते येतं, सत्तरी ओलांडलेल्यांना मिळणाऱ्या आयुष्मान कार्डाचं येतं. पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराच्या बापाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर आधी फोन तालमीतल्या मित्राला जातो. एका बाबतीत मात्र तिकडचा सल्ला इथे चालत नाही. भारतात साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते गळून पडतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. हे कट्ट्यावर फार थोड्यांना ठाऊक असतं आणि बँकेच्या खिडकीपाशी कळतं.

पण या गप्पांचं कौतुक करताना एक गोष्ट मला खटकत राहते. कठडा कुठल्या उंचीवर बसवावा, वॉकर कुठे स्वस्त मिळतो, कार्डाला कुठली कागदपत्रं लागतात हे पुरुष एकमेकांना तपशिलात सांगतात. म्हाताऱ्याला आंघोळ कोण घालतं, हा प्रश्न गॅलरीत सहसा निघत नाही. कारण घालणारी बहुधा सून असते, बायको असते, लेक असते, आणि ती त्या वेळी घरी असते; कोल्हापुरात तर नक्कीच, आणि लिव्हरपुलातही पुष्कळदा. सामन्याचे दोन तास मोकळे मिळालेला माणूस तसाच मोकळा मिळालेल्या दुसऱ्या माणसाला सेवेविषयी सल्ला देत असतो.

अलीकडे मात्र हे जरा हलतं आहे, नाइलाजाने का होईना. एकुलता मुलगा, बायको नोकरीला, बहिणी परगावी. मग बापाला न्हाणीघरात न्यायला तोच उरतो. असा एखादा जण मध्यंतरात आवाज खाली करून विचारतो, की अण्णा अंगाला हात लावू देत नाहीत, काय करू? स्टूल ठेव, शेजारचा सांगतो. पाणी आधी स्वतःच्या हातावर बघ, मग त्यांच्या पायावर ओत, डोक्यावर एकदम नको. काय करणार ते आधी सांग. तोंड त्यांचं त्यांना धुऊ दे. कडी आतून लावू नको. ‘तुला कुणी शिकवलं?’ असं विचारलं, तर तो कुठल्याही डॉक्टरचं नाव घेत नाही. आईला बघितलं होतं, म्हणतो, आजोबांचं करताना.