सोसणे आणि सावरणे

दुःख मुकाट्याने सोसणाऱ्याला मनाने निरोगी म्हणावे का? गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे वाचताना पडणारा हा प्रश्न हैदराबाद विद्यापीठातील आरोग्य मानसशास्त्राच्या अभ्यासालाही लागू होतो. तेथील संशोधक मीना हरिहरन यांनी राधानाथ रथ यांच्यासह २००८ मध्ये लिहिलेला ग्रंथ भारतीय माणूस ताणाला कसा तोंड देतो, याविषयी आहे. उदाहरणार्थ, बायपासची तारीख मिळालेला रुग्ण प्रारब्धावर हवाला टाकतो, तेव्हा त्याने हाय खाल्लेली असेल, पथ्यपाणी सोडलेले असेल. किंवा फळाची चिंता सोडून तो गोळ्या वेळेवर घेत असेल, रोजचे चालणे चुकवत नसेल. वरवर दोघेही शांतच. हार मानणे आणि फळाची आसक्ती सोडणे यांत प्रवचनकारांची गल्लत होते ती इथेच. गीता ऐकून अर्जुन काही स्वस्थ बसला नाही. तो लढायला उभा राहिला.