हमसाया कोणाला म्हणावे?

उर्दूत शेजाऱ्याला 'हमसाया' म्हणतात. शब्द मूळचा फारसी. 'हम' म्हणजे सोबतचा, 'साया' म्हणजे सावली. एकाच सावलीत राहणारा तो हमसाया. पिंपरीच्या झोपडपट्ट्यांतून आमच्या वर्गात येणाऱ्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या घरावरचा पत्रा शेजारच्या भिंतीवरच टेकलेला असतो. आई दुसऱ्या पाळीला गेली की शेजारची खाला किंवा मावशी लेकराला जेवू घालते.

म्हणून झोपडपट्टी चांगली, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पावसाळ्यात घरात शिरणारे गटाराचे पाणी आणि सार्वजनिक संडासापुढची रांग यांत कौतुक करण्यासारखे काही नाही. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पुढे एमआयडीसी आली, भोसरीपासून चाकणपर्यंत कारखाने पसरले. कामगार हवे होते. त्यांच्या निवाऱ्याचा विचार मात्र मागे राहिला. आज त्यांना पक्के घर मिळणे हा उपकार नव्हे, उशिरा फेडलेले देणे आहे.

पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण 2005 मध्ये स्थापन झाले. योजनेचा हिशेब साधा आहे. बिल्डर पात्र झोपडीधारकाला मोफत घर बांधून देतो, मोबदल्यात त्याला जादा चटईक्षेत्र मिळते आणि ते तो बाजारभावाने विकतो. म्हणजे गरिबाचे घर पैसेवाल्या ग्राहकाच्या पैशातून उभे राहते आणि ग्राहकाचा फ्लॅट गरिबाने रिकाम्या केलेल्या जागेच्या जोरावर. दोघेही एकमेकांचे देणेकरी. तरीही अशा योजनांत पुष्कळदा दोन इमारतींमध्ये भिंत असते, फाटके दोन असतात, मुलांची खेळायची जागाही वेगळी असते.

ही भिंत मागते कोण? बिल्डरला दोष देणे सोपे आहे. पण आम्ही बी.एड. झालो, नोकरीला लागलो, कर्ज काढून फ्लॅट पाहायला निघालो, तेव्हा एजंटला पहिला प्रश्न कोणता विचारला? 'आसपास झोपडपट्टी नाही ना?' विचारणाऱ्यांत वस्तीतच वाढलेलेही होते. आमचे नाव ऐकून कोणी घर नाकारले की आम्ही संतापतो, आणि ते योग्यच आहे. मग पत्ता ऐकून माणूस नाकारणारे आम्ही वेगळे कसे?

इस्लामी कायद्यात 'शुफा' नावाचा अग्रहक्क आहे. शेजारचे घर विकले जात असेल तर ते घेण्याचा पहिला मान शेजाऱ्याचा, असे त्याचे एक रूप. केवळ शेजारावर आधारलेला अग्रहक्क सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये घटनेशी विसंगत ठरवला. आम्हाला तो निर्णय पटतो. शेजारी निवडण्याचा हक्क कोणालाच नसावा. ना धर्माच्या नावाने, ना पगाराच्या. हक्क गेला तरी शेजाऱ्याविषयीचे कर्तव्य मात्र उरतेच. एक फाटक, एक मैदान आणि शक्य झाल्यास एकच शाळा, इतकी मागणी फ्लॅट घेणाऱ्यांनीच केली तर ती ऐकली जाईल, कारण बिल्डर त्यांचे ऐकतो.

उंच इमारतीची सावली दुपारनंतर भिंतीपलीकडे पडणारच. त्या सावलीत उभा असलेला माणूस आपला हमसाया आहे की नाही, हे आपणच ठरवायचे आहे.