समोरची जागा

आमच्या सासवडच्या घराच्या मागच्या पडवीत एक मोठं जातं आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा गावात गिरण्या होऊन कैक वर्षं झाली होती, पण भाजणी, मेतकूट आणि सणाची डाळ सासूबाई जात्यावरच काढत. पहिल्यांदा त्यांनी मला दळायला बसवलं ते आठवतं. मी एकटीने खुंटा धरून पाहिला. जातं हललं, अर्धा फेरा झाला आणि थांबलं. त्या म्हणाल्या, "अगं, हे एकटीचं जातं नाही. समोर कुणीतरी लागतं." मग त्या पाय पसरून समोर बसल्या. खुंट्यावर माझ्या हाताच्या वर त्यांचा हात आला. त्यांनी ओढलं की मी सोडायचं, मी ओढलं की त्यांनी. मोकळ्या हाताने त्या मूठमूठ डाळ जात्याच्या तोंडात घालत होत्या, आणि पाळीभोवती पिवळं पीठ झरत होतं. दोघींचा ताल जमल्यावर दगडाचं वजन कुठे गेलं ते कळलं नाही.

घरकाम आणि देव यांचं नातं काय, हा प्रश्न मला पुढची पंचवीस वर्षं पडत राहिला. आमचं घर देवाधर्माचं. रोजची पूजा, वैश्वदेव, चातुर्मासातले नेम, नवरात्र, गौरी-गणपती, महालय. आणि ज्येष्ठाच्या अखेरीला दिवे घाट चढून माउलींची पालखी गावात येते, तेव्हा आमच्याकडे एका दिंडीचं जेवण. या सगळ्याचा अर्धा भाग देवघरात होतो आणि अर्धा स्वयंपाकघरात. देवघरातल्या अर्ध्याला धर्म म्हणतात हे मला माहेरापासून माहीत होतं. दुसऱ्या अर्ध्याला काय म्हणायचं, ते शोधायला मी फार मागे गेले.

मागे गेलं की पहिल्यांदा भेटते पंचसूना. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसेच्या जागा सांगितल्या आहेत. चूल, जातं-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. चुलीत किडे जळतात, केरसुणीखाली मुंग्या मरतात, दळताना-कांडताना आणि पाणी भरताना कुठला ना कुठला जीव जातो. तो दोष फिटावा म्हणून रोजचे पाच महायज्ञ. आमच्याकडे सासरे वैश्वदेव करत, गोग्रास आणि काकबळी काढून ठेवत, त्याचं मूळ हेच. मला या विचाराबद्दल आदर वाटतो. आपण पोट भरतो तेव्हा कुणाला तरी इजा होते, ही जाणीव ज्यांनी रोजच्या जेवणाशी बांधून ठेवली, त्यांचं मन बारीक होतं. पण त्या पाच वस्तू पुन्हा एकदा मोजल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पाचही वस्तू बाईच्या हातातल्या आहेत. दोष तिच्या हाताने लागतो आणि तो फेडणारे यज्ञ पुरुषाच्या हाताने होतात. घरकाम धर्माच्या हिशेबात आलं, ते खर्चाच्या बाजूला.

त्यानंतर कित्येक शतकांनी पंढरपुरात जे घडलं, त्याचं मोल मला हे वाचल्यावरच कळलं. गंगाखेडची जनी नावाची एक पोरकी मुलगी नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली. नामदेवांच्या त्या घरात माणसं पुष्कळ, भजनाला येणारे-जाणारे पुष्कळ, आणि दळणकांडण जनीकडे. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल काय काय करतो ते पाहा. तो तिच्याबरोबर दळतो, कांडतो, झाडतो, केर भरतो, पाणी आणतो, शेण्या वेचू लागतो, तिचे केससुद्धा विंचरतो. जातं, उखळ, केरसुणी, पाणी! पंचसूनेची यादी जवळजवळ जशीच्या तशी. जिथे जिथे दोष सांगितला होता, नेमका तिथे तिथे देव येऊन बसला आहे. जनाबाईने तो श्लोक ऐकला होता की नाही, याला फारसं महत्त्व नाही. तिने मोडला तो मात्र बरोबर तोच हिशेब.

आणि हे फक्त जनाबाईचं नाही. आपल्या मराठी भक्तीत देव घरकामाला येतो, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली आहे. पैठणला एकनाथांच्या घरी रोज पंगती उठत. त्या घरी श्रीखंड्या नावाचा पोऱ्या बारा वर्षं गोदावरीचं पाणी भरत होता, आणि तो कोण होता हे तो निघून गेल्यावर कळलं. ते पाणी ज्यात तो ओतायचा तो रांजण आजही पैठणला दाखवतात. कऱ्हाडच्या सखूला सासूने खांबाला बांधून ठेवलं, तेव्हा विठ्ठल सखू होऊन खांबाला उभा राहिला, आणि ती पंढरीला गेल्यावर तिच्या सासरची धुणीभांडी करत राहिला. १९४१ साली 'प्रभात'ने 'संत सखू' चित्रपट काढला, म्हणजे तोवर ही कथा घरोघर पोचलेली होतीच. चोखोबांच्या घरी सोयराबाईच्या बाळंतपणाला देव नणंदेच्या रूपाने आला, असं सांगतात. सिंहासनावरचा देव बाकीच्यांचाही आहे. कमरेला पदर खोचून आलेला देव आपल्या बायांनी मागून घेतला.

इथेच मला माझा प्रश्न नीट मांडता आला. पुढे या कल्पनेचं सार म्हणून आपण जे सांगत आलो, ते असं: काम हीच पूजा, कामातच राम. बाईने स्वयंपाक मन लावून केला की तोच तिचा नैवेद्य, तिला वेगळ्या पूजेची गरज नाही. हे मी कीर्तनात ऐकलं आहे, हळदीकुंकवाच्या भाषणात ऐकलं आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनही ऐकलं आहे. पण जनाबाईच्या अभंगांतला विठ्ठल तिला "तुझं दळण हीच माझी पूजा, दळत राहा" असं सांगून विटेवर परत जाऊन उभा राहत नाही. तो खाली बसतो आणि खुंटा धरतो. जातं दोघांचं असतं, जनीच्या समोर बसायला कुणी नव्हतं, ती जागा त्याने घेतली. कल्पनेचा हा अर्धा भाग आपण पुढच्या पिढीला द्यायचं विसरलो.

विसरलो असं मी म्हणते खरं, पण बायका विसरल्या नव्हत्या. पुण्याच्या गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावं, लाखाहून अधिक ओव्या. ज्या बायकांना सही करता येत नव्हती, त्यांनी रचलेलं आणि आईकडून लेकीकडे आलेलं एवढं मोठं वाङ्मय. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, पंढरी आहे, सासुरवास आहे, आणि विठ्ठल अगदी पाव्हण्यासारखा दारात येतो. ते पहाटेच्या अंधारात, घरातलं कुणी ऐकायला नसताना म्हटलेलं आहे. समोर बसलेली जाऊ किंवा नणंद तेवढी ऐकणारी. गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले, याचा मला मनापासून आनंद आहे. जातं गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. पण गिरणीबरोबर ती समोरासमोरची बैठकही गेली, हेही खरं.

संतांनंतर सगळं सरळ झालं असंही नाही. सतराव्या शतकातल्या शिऊरच्या बहिणाबाईंना तुकोबांची ओढ लागली म्हणून नवऱ्याचा मार खावा लागला. संसार आणि परमार्थ एकाच अंगणात कसे नांदवायचे, याचा झगडा त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या वडिलांचं सोवळं वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्या धुण्यापुसण्यात सगळं घर भरडून निघालेलं दिसतं. धार्मिक घर बाईला किती दमवू शकतं, याची त्याहून स्पष्ट साक्ष मराठीत क्वचितच मिळेल.

एक गोष्ट मात्र मला थांबवून ठेवते. विनोबांच्या आई रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम केला होता. त्या रोज एकेक दाणा मोजत. वडील म्हणाले, थोडे तांदूळ तोलून त्यातले दाणे मोज, मग लाखाचं वजन काढता येईल, वर थोडे जास्त घाल. हिशेब चोख होता. आईला उत्तर सुचलं नाही, त्यांनी विन्याला विचारलं. विन्या म्हणाला, हे गणित नाही; एकेका दाण्याबरोबर मन देवाकडे जातं, त्यासाठी हे मोजणं आहे. पुढे याच मुलाने आईची इच्छा होती म्हणून मराठीत 'गीताई' केली, आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली. कर्माचं इतकं सोपं विवरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हातातल्या कामात मन ओतलं की ते काम हलकं होतं, हे मला पटतं, पुरण वाटताना मी ते अनुभवलंही आहे. पण मला त्या गोष्टीत दुसरंही काही दिसतं. आई अडली तेव्हा मुलगा तिच्या बाजूने बसला.

आमच्या घरी समोरची ती जागा भरायला फार वर्षं लागली. माउलींची पालखी सासवडला बहुतेक वर्षी एकादशीच्या दिवशी येते आणि दोन रात्री मुक्काम असतो. म्हणजे पहिल्या दिवशी दीडशे माणसांना भगर आणि दाण्याची आमटी, दुसऱ्या दिवशी पारण्याचा सगळा स्वयंपाक. एका वर्षी पालखीच्या चार दिवस आधी सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. जाऊबाई आणि मी भगर निवडत होतो. मिक्सर जळाला होता, आणि भाजून सोललेल्या दाण्यांची दोन घमेली कूट व्हायची होती. सासरे बराच वेळ दारात उभे होते. मग ते आत आले, धोतराचा सोगा खोचला आणि खलबत्त्यापुढे बसले. त्या घरात पुरुषाने स्वयंपाकघरात बसायची पद्धत नव्हती. चुलत सासरे बाहेरून पाहत होते, ते काही बोलले नाहीत. सासऱ्यांनी पहिला घाव घातला आणि न वळताच विचारलं, "किती बारीक करायचं?"

सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, "रव्याएवढं. तेल सुटू देऊ नका."

चाळीस वर्षांच्या संसारात सासऱ्यांनी सासूबाईंना त्यांच्या कामातलं काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या संध्याकाळी सासूबाईंना आम्ही पहिल्या पंगतीला बसवलं. त्या दोनदा वाढायला उठल्या, दोन्ही वेळा आम्ही त्यांना खाली बसवलं.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात जात होती, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच तेव्हा शंभरात सव्वीस होते. हे आकडे वाचताना मला ती दोन घमेली आठवतात.

पण खरी बोच वेगळीच आहे, आणि ती माझ्याही लवकर लक्षात आली नाही. जनाबाई नामदेवांच्या घराची सून नव्हती, ती कामाला ठेवलेली बाई होती. मी जेव्हा स्वतःला तिच्या जागी ठेवून तिचे अभंग ऐकत होते, तेव्हा आमच्या मोरीपाशी मावशी भांडी घासत होत्या. पालखीच्या दोन दिवसांत त्यांच्याकडे नेहमीच्या पाचपट भांडी. मोठी पातेली, पराती, घमेली, काहिली. त्या वीस वर्षं आमच्याकडे आहेत. माउली गावात मुक्कामाला असताना त्या दोन दिवसांत त्यांना तळावर जाऊन दर्शन घ्यायला कधी जमलेलंच नाही, हे मला गेल्या वर्षी कळलं. मी विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "त्या टायमाला भांडीच असतात की वैनी."

यंदा पारण्याच्या दिवशी दुपारच्या पंगती उठल्यावर आम्ही त्यांना पाठवलं. "जाते, पर पातेली तशीच ठेवा," असं तीन वेळा बजावून त्या गेल्या. जाऊबाईंची कंबर धरलेली, म्हणून मोरीवर मी बसले. काहिलीच्या बुडाला गूळ धरला होता. राख आणि काथ्या घेऊन घासत होते, पण ती जड, एका हाताने धरावी तर दुसऱ्याला जोर येईना.

रात्री दहाच्या सुमारास मावशी आल्या. कपाळभर बुक्का, चपला हातात, पाय चिखलाने भरलेले. "लई गर्दी होती, वैनी. पादुकांवर डोकं ठेवलं बघा," म्हणाल्या. माझे दोन्ही हात राखेने भरले होते, म्हणून त्यांनी कागदाच्या पुडीतून बुक्का घेऊन स्वतःच्या बोटाने माझ्या कपाळाला लावला. मग लुगड्याचा काचा मारून त्या समोर बसल्या आणि काहिलीचा दुसरा कान धरला.