फेड कुणाची, कुणाला

अलाबामात मुलीच्या घरच्यांनी तिचा 'ब्रायडल शॉवर' करायचा नसतो. आपल्याच लेकीसाठी भेटी मागितल्यासारखं दिसतं. माझा केला तो होणाऱ्या सासूबाईंच्या संडे स्कूलमधल्या बायकांनी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे केळवणच की गं." खरंच आहे. डिसेंबरात साताऱ्याला गेले तेव्हा आत्यानं, मावशीनं, समोरच्या काकूंनी बोलावून जेवायला घातलं, ओटी भरली. आईनं यातलं काही करायचं नव्हतं.

शॉवरमध्ये नवरीनं सगळ्यांच्या मधोमध बसून एकेक भेट उघडायची. रिबन सोडवायची, तोडायची नाही. जितक्या तुटतील तितकी मुलं होणार म्हणे. त्यामुळे सत्तरीच्या बायकाही माझ्या बोटांवर डोळे लावून बसल्या होत्या. टेबलावर कडा कापलेली पिमेंटो चीजची सँडविचं, चीज स्ट्रॉ आणि चांदीच्या मोठ्या बोलमध्ये लिंबाचं शर्बेट घातलेलं पंच. (लग्नाच्या जागी पाऊस पडू नये म्हणून महिनाभर आधी बर्बनची बाटली उलटी पुरतात, तीही आम्ही पुरली आहे. बाप्टिस्ट घरात ती आली कुठून, हे विचारायचं नसतं.) एका खोक्यातून खळग्याखळग्यांची काचेची थाळी निघाली. आई व्हिडिओवर बघत होती. "अप्पेपात्र का?" भरल्या अंड्यांची थाळी आहे म्हटल्यावर ती गप्प झाली.

माझ्या शेजारी एक बाई वही घेऊन बसली होती. कोणी काय दिलं ते लिहीत होती. आमच्या आजीचीही अशीच वही होती, आहेराची. कुणाचं पातेलं, कुणाची साडी, कुणाचे अकरा रुपये. त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढायची आणि थोडं वरचढच द्यायचं. इथे वरचढ द्यायचं नसतं, पत्र लिहायचं असतं. हातानं, शाईनं, वस्तूचं नाव घेऊन, ती कशी वापरणार ते सांगून. छापील 'थँक यू' चालत नाही. फोनवरचा मेसेज तर नाहीच नाही.

मला हे सगळं गोड वाटलं असतं, पण आदल्याच रविवारी त्याच चर्चमध्ये इफिसकरांस पत्रातल्या दुसऱ्या अध्यायावर प्रवचन झालं होतं. तारण कृपेनं मिळतं, कमाईनं नाही. ते दान आहे, त्याची फेड होत नाही. आणि इथे कॅसरोलच्या भांड्याचीही फेड लग्नाआधी टपालात पडायला हवी! गीतेचा सतरावा अध्याय लावला तर आजीची वहीही नापासच. ज्याच्याकडून परत काही येणार नाही त्याला दिलेलं ते सात्त्विक, परतीच्या आशेनं दिलेलं ते राजस. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं 1925 साली दाखवलं की फुकटची भेट अशी नसतेच: देणं बंधनाचं, घेणं बंधनाचं, परत करणंही बंधनाचं. मग निर्मळ दान ही केवळ प्रवचनातच राहणारी गोष्ट आहे का?

मला तसं वाटत नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी मला बिडाचा जुना तवा दिला, घासून घासून आरसा झालेला. त्यांच्या शॉवरला तो ज्यांनी दिला त्या चर्चमागच्या दफनभूमीत आहेत. त्या देणाऱ्यांची फेड या बाईंना करता आली नाही, म्हणून ती माझ्यापर्यंत आली. तैत्तिरीय संहितेत जन्मतःच असणारी तीन ऋणं सांगितली आहेत, ऋषींचं, देवांचं, पितरांचं. त्यातलं पितरांचं संततीनं फिटतं, म्हणजे ज्यांचं घेतलं त्यांना सोडून पुढच्याला देऊन. लहानपणी हा मला हिशेबातला घोळ वाटायचा. आता वाटतं, ऋण पुढे सरकतं म्हणून तर ते सावकारी होत नाही. आणि प्रवचन नवव्या वचनाशी थांबलं होतं, हेही सांगायला हवं. दहावं सत्कर्मांबद्दलच आहे. आधी मिळालं, मग करायचं, हा क्रम मला पटतो.

पण वारसा म्हणून तवा घ्यायचा तर चांदीचा बोलही घ्यावा लागतो. तो सासरच्या घरात पणजीपासूनचा. हे चर्च ज्या सदर्न बाप्टिस्ट संघटनेचं, ती 1845 साली ऑगस्टा शहरात वेगळी झाली गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमता यावं या भांडणातून. त्याबद्दल माफीचा ठराव झाला 1995 मध्ये, दीडशे वर्षांनी. मी सासूबाईंना विचारलं, हा बोल घासायचं कोण? त्या जरा थांबल्या, मग एक नाव सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या शॉवरला सगळं खाणं त्याच कृष्णवर्णीय बाईंनी केलं होतं. पैसे दिले. पण त्या हॉलमध्ये बसल्या नाहीत, स्वयंपाकघरात होत्या. वहीत त्यांचं नाव नाही. मी गप्प बसले असते तर बरं दिसलं असतं, पण आमच्या आजीच्या वहीत तरी कोण होतं? पंगतीला बसलेले. बांगड्या भरणारी कासारीण, मांडव घालणारे, उष्टी पत्रावळ उचलणारी बाई यांतलं कुणीच नाही. त्यांना धान्य, जुनं लुगडं मिळायचं आणि तेवढ्यात खातं बंद. ज्यांचं खातंच उघडलं नाही त्यांचं ऋण फिटलं असं धरून चालणं सोपं असतं.

त्या बाई आता नाहीत. त्यांची मुलगी गावातच राहते. सासूबाई आणि मी मिळून तिला पत्र लिहिलं, आईचं नाव घेऊन, केलेल्या पदार्थांची आठवण घेऊन, सोबत लग्नाचं आमंत्रण. माझा होणारा नवरा म्हणाला, तुम्हाला बरं वाटावं म्हणून तिनं यायचं का? प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही 'येणार की नाही ते कळवा' ही ओळ काढून टाकली.