होतकरू

'होतकरू' या शब्दाचा मला लहानपणापासून थोडा धाक वाटत आला आहे. 'होतकरू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती' अशा जाहिराती वाचल्या की वाटे, ज्याला आपण होतकरू म्हणतो त्याला आपण हळूच असेही सांगून टाकतो की बाबा रे, आज तू जो आहेस तो काही खरा नव्हे, खरा तू पुढे यायचा आहेस. इंग्रजी भाषा तर आपल्यापुढे एक पाऊल गेली आहे. ती अशा मुलाला 'प्रॉमिसिंग' म्हणते, म्हणजे वचन देणारा. आता त्याने हे वचन कोणाला दिले, केव्हा दिले आणि साक्षीला कोण होते, हे कोणी विचारीत नाही. वचन मोडल्याचा बोभाटा मात्र गावभर होतो.

हा विचार माझ्या डोक्यात घोळू लागला तो बेसबॉलच्या मैदानावर. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यात कॅनापोलिस म्हणून गाव आहे, तेथे मी राहतो. टॉवेलच्या गिरणीने वसवलेले हे गाव. २००३ मध्ये ती गिरणी बंद पडली आणि हजारो माणसे घरी बसली. परळमधल्या माझ्या काकांना हे सांगू लागलो तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली; पुढचे ऐकायची त्यांना गरज नव्हती. आता गावाच्या मध्यभागी बेसबॉलचे नवे मैदान झाले आहे आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी गिरणीतली म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन तेथे येतात. मीही जातो. माझ्या गळ्यात कॅमेरा असतो, एवढाच फरक.

या देशात अव्वल दर्जाचे, म्हणजे मेजर लीगचे, ३० संघ आहेत. त्या प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार संघ, असे १२० संघ मिळून मायनर लीग होते. आमचे गाव सर्वांत खालच्या पायरीवर. येथे खेळणारी मुले बहुतेक विशी-बाविशीची, सगळी होतकरू. आणि त्यांतली फारच थोडी वरपर्यंत पोहोचतात.

गेल्या वर्षी जुलैत एक नवा पिचर आला. पिचर म्हणजे आपला गोलंदाज म्हणा, पण हा धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर उभा राहून, साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे कोपर वाकवून चेंडू चक्क फेकतो. आपल्याकडे पंचाने तत्काळ नो-बॉल दिला असता! या मुलाचा चेंडू ताशी ९५ मैलांनी जाई. म्हणजे हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत सुमारे चार दशांश सेकंद. मी भिंग जाळीला अगदी टेकवून बसे. भिंगाचे तोंड पुरते उघडे ठेवले की जाळीच्या दोऱ्या चित्रात विरून जातात. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात टिपलेल्या त्या चित्रांत एक क्षण असा सापडतो की पाय पुढे पडलेला आहे, छाती फलंदाजाकडे वळली आहे, आणि हात मागे इतका लवलेला आहे की तळवा आभाळाकडे पाहतो. माणसाचा हात असा वळत असेल यावर विश्वास बसत नाही. मला ते चित्र फार सुंदर वाटे.

शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा म्हणत, "हा वर जाणार. चित्रे जपून ठेव, पुढे सोने होईल." मला हसू येई, पण घरी गेल्यावर मी चारशे चित्रांतून कोणती निवडीत होतो? ज्यांत तो आधीच मोठा झालेला दिसे, ती. कॅमेऱ्याला भविष्यकाळ येत नाही. तो समोरचे तेवढे टिपतो. भविष्यकाळ निवडणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. ज्या दिवशी त्याची पाळी नसे त्या दिवशी हाच मुलगा प्रेक्षकांत बसून दुसऱ्याचे चेंडू वहीत मोजी आणि सूर्यफुलाच्या बिया सोलून टरफले पेल्यात टाकी. ती चित्रेही मी मुद्दाम ठेवू लागलो.

एकदा तो कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "सर, हात मागे जातो तेव्हाचे एखादे चित्र द्याल का? माझे कोपर खांद्याच्या खाली पडते, असे कोच म्हणतात." मी माझे ते सुंदर चित्र दिले. त्याने ते एखाद्या एक्स-रे सारखे न्याहाळले, "पडतंय खरं," म्हणाला आणि निघून गेला.

यंदा एप्रिलमध्ये, चौथ्या डावात, चेंडू टाकल्यावर तो दोन पावले खाली उतरला आणि स्वतःच्या हाताकडे पाहत उभा राहिला. माझे बोट खटक्यावर होते. अकरा चित्रे निघाली. अकराव्यात त्याचा चेहरा आहे.

त्या रात्री एका गृहस्थांनी ते चित्र मागितले. होतकरू खेळाडूंविषयी ते लिहीत असतात. मी दिले नाही. कोणी म्हणेल, मैदान उघडे, तीन हजार माणसांनी पाहिले, मग लपवायचे काय? लपवायचे काहीच नाही. पण अशा एका चित्राची भूक मोठी असते. ते बाहेर आले की बाकीची सारी चित्रे 'आधीची' होऊन बसतात, आणि बियांची टरफले टाकणारा तो मुलगाही एका शोकांतिकेचा पहिला अंक ठरतो.

स्टीव्ह डाल्कोव्स्कीचे असेच झाले. कनेक्टिकटचा हा डावखुरा १९५७ मध्ये बाल्टिमोरच्या मायनर संघांत आला. १९६० मध्ये स्टॉक्टन येथे १७० डावांत त्याने २६२ फलंदाज बाद केले, आणि तितक्याच, नेमक्या २६२ जणांना भरकटलेल्या चेंडूंवर फुकट धाव-चौकी दिली. १९६३ च्या वसंतात वरच्या संघाचे दार उघडले असतानाच कोपर दुखावले, आणि मेजर लीगमध्ये तो एकदाही चेंडू टाकू शकला नाही. पुढे शेतमजुरी, दारू, अखेर २०२० मध्ये मृत्यू. १९८८ च्या 'बुल डरहॅम' चित्रपटातला तो उधळ्या पिचर त्याच्यावरूनच सुचलेला. त्याच्याविषयी लिहिणारा बहुधा 'वाया गेला' या सुरातच लिहितो. ते २६२ फलंदाज वाया गेले नव्हते. ते बाद होऊन परतले होते! आपल्याकडे विनोद कांबळीविषयीही हाच सूर लागतो. १७ कसोटींत १०८४ धावा, सरासरी ५४; दुसऱ्या कोणाच्या असत्या तर त्या आपण कौतुकाने मोजल्या असत्या.

यावर आमच्या घरातले एक वडीलधारे म्हणाले, "फळाची आशा धरू नये, हेच खरे." पण हे त्या मुलाने स्वतःला सांगावे. सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या मी त्याला सांगणे हा उद्धटपणा होय. त्याला वर जायचे आहे. ती इच्छा त्याची स्वतःची आहे, आम्ही त्याच्या नावावर लिहिलेले ते कर्ज नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे मला अवघड जाते, हे खरे.

कोपरातला तुटलेला बंध काढून त्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुरज्जू बसवतात. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली आणि तो पुढे १९८९ पर्यंत खेळला. म्हणून आता कोणी आशा सोडीत नाही. हेही एक ओझेच.

आमच्या पिचरच्या शस्त्रक्रियेला पाच महिने झाले. ती अकरा चित्रे मी त्याला तेव्हाच पाठवली होती. त्याने त्यांविषयी काही लिहिले नाही. परवा निरोप आला. घरामागच्या कुरणात ४५ फुटांवरून वडिलांकडे चेंडू टाकायला सुरुवात केली आहे. जोर लावायचा नाही अशी ताकीद आहे. थोडे टाकायचे, थांबायचे, पुन्हा थोडे. खाली विचारले होते, कोपराचे ते जुने चित्र पुन्हा पाठवाल का, फोन बदलला त्यात गेले. मी लगेच पाठवले.